मातीस यांची ‘लाल खोली’ : टेबल आणि भिंत एकाच रंगात असूनही चित्र उभे कसे राहते?

कुंचला

सर्वांना नमस्कार.

आंरी मातीस यांचे ‘लाल खोली’ हे १९०८ सालचे तैलचित्र येथील अनेकांनी पुस्तकांतून किंवा पडद्यावर पाहिलेले असेल. ‘लाल रंगसंगती’ या नावानेही ते ओळखले जाते आणि सध्या ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. एक मोठे टेबल, त्यावर विखुरलेली फळे, फुले आणि काचेच्या दोन सुरया, उजवीकडे वाकून फळांचे तबक लावणारी स्त्री, डावीकडे एक खुर्ची आणि वरच्या डाव्या बाजूला चौकटीतून दिसणारी हिरवी बाग, एवढाच त्याचा विषय आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएट परीक्षेसाठी मुलांकडून स्थिरचित्राचा सराव करून घेताना प्रकाश कोणत्या बाजूने येतो, वस्तूची पडछाया कोठे पडते, टेबलाची मागची कड कोठे संपते आणि मागचा पडदा टेबलापासून वेगळा कसा दाखवायचा, यांवर आम्ही सगळा भर देतो. या चित्रात यांतले जवळजवळ काहीच नाही. टेबलावरचे कापड आणि मागची भिंत यांना एकच लाल रंग आहे, दोन्हींवर निळ्या वेलबुट्टीची एकच नक्षी पसरली आहे, आणि टेबल कोठे संपून भिंत कोठे सुरू होते हे एका बारीक रेषेवरून ओळखावे लागते. एखाद्या विद्यार्थ्याने असे काम आणून दिले असते, तर मी पार्श्वभूमी वेगळी करायला सांगितली असती. तरीही हे चित्र पाहताना टेबल हे टेबलच वाटते, आणि फळे हवेत तरंगत आहेत असे क्षणभरही वाटत नाही. हे कसे साधले आहे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडूनच दोन शंका आहेत. हे चित्र मुळात निळे होते आणि नंतर लाल केले गेले असे वाचनात आले. ते खरे असल्यास पूर्ण झालेले चित्र पुन्हा रंगवण्याचे कारण काय असावे? तसेच चित्रात एक स्त्री असताना आणि ते १९०८ सालचे असताना त्याला फॉव्ह शैलीतील (विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, भडक रंगांच्या शैलीतील) स्थिरचित्र म्हणणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी चौकट

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण या चित्राचा इतिहास कळला की पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते.

हे चित्र मॉस्कोचे कापड-व्यापारी सेर्गेई श्चूकिन यांच्या जेवणाच्या खोलीसाठी होते. १९०८ च्या ‘सालों दॉतोन’ या पॅरिसच्या शरद ऋतूतील प्रदर्शनात ते जेवणाच्या खोलीसाठीचे सजावटी फलक या नावानेच मांडले गेले होते. त्याचा आकारही त्याला साजेसा आहे. सुमारे १८० सेंटिमीटर उंच आणि २२० सेंटिमीटर रुंद अशा या चित्रासमोर उभे राहणाऱ्याची नजर एका दृष्टिक्षेपात त्याच्या कडांपर्यंत पोहोचत नाही. पुस्तकाच्या पानावर तळहाताएवढी प्रतिकृती पाहताना ही गोष्ट पूर्णपणे निसटते. लाल रंग तेथे एका चौकोनात बंदिस्त दिसतो, आणि मूळ चित्रासमोर मात्र पाहणाराच त्या रंगाच्या आत उभा असतो.

चित्र आधी निळसर-हिरव्या रंगाचे होते, हे खरे आहे. कॅनव्हासच्या कडांजवळ त्या आधीच्या थराचे अंश आजही दिसतात. श्चूकिन यांच्या घरी पाठवण्यापूर्वी मातीस यांनी ते लाल केले. ग्राहकाला निळे चित्र ठाऊक असताना त्याच्याकडे लाल चित्र पाठवणे हे धाडसच होते. श्चूकिन यांनी ते स्वीकारले, आणि एवढ्यावर न थांबता पुढे मातीस यांच्याकडून ‘नृत्य’ आणि ‘संगीत’ हे प्रचंड आकाराचे फलकही करवून घेतले. त्यांच्या संग्रहात मातीस यांची ३७ चित्रे जमा झाली होती. रशियन क्रांतीनंतर १९१८ मध्ये तो संग्रह सरकारजमा झाला, आणि १९४८ मध्ये मॉस्कोचे आधुनिक पाश्चात्त्य कलेचे संग्रहालय बंद करण्यात आल्यावर त्यातील चित्रे मॉस्कोचे पुश्किन संग्रहालय आणि हर्मिटेज यांत विभागली गेली.

चित्र बदलण्याचे कारण मातीस यांच्याच लेखनात सापडते. डिसेंबर १९०८ मध्ये, म्हणजे हे चित्र प्रदर्शनात मांडले गेले त्याच वर्षाच्या अखेरीस, ‘ला ग्रांद रव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांचा ‘एका चित्रकाराची टिपणे’ हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी खोलीचे चित्र रंगवण्याचेच उदाहरण घेतले आहे. ते लिहितात : समोरच्या कपाटाने मला लाल रंगाची तीव्र संवेदना दिली, म्हणून मी मला पटणारा लाल रंग लावला. त्या लाल रंगाचे कॅनव्हासच्या पांढऱ्याशी एक नाते जुळले. मग शेजारी हिरवा आला, जमिनीसाठी पिवळा आला, आणि प्रत्येक नव्या रंगाबरोबर आधीचे रंग फिके पडू लागले. तेव्हा सगळे रंग एकमेकांना तोलून धरतील अशा रीतीने मला ते पुन्हा पुन्हा बदलावे लागतात, इतके की शेवटी हिरव्याच्या जागी लाल प्रमुख होऊन चित्र संपूर्णपणे पालटलेले दिसू शकते, असा त्या उताऱ्याचा आशय आहे. हे वाचताना ‘लाल खोली’ डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. पूर्ण झालेले चित्र त्यांनी बदलले, असे आपण म्हणतो. त्यांच्या दृष्टीने मात्र रंगांचा तोल साधेपर्यंत ते पूर्ण झालेलेच नव्हते.

उत्तररंग

शैलीच्या नावाविषयी थोडक्यात लिहितो.

फॉव्ह हे नाव १९०५ च्या शरद प्रदर्शनात पडले. पॅरिसच्या ग्रां पाले या प्रदर्शन-भवनाच्या सातव्या दालनात मातीस, आंद्रे देरँ, व्लामँक, मार्के, मांगँ, कामुआँ यांची भडक रंगांतील चित्रे होती आणि त्यांच्यामध्ये आल्बेर मार्क या शिल्पकाराचे जुन्या इटालियन वळणाचे शिल्प ठेवलेले होते. ते पाहून समीक्षक लुई व्होसेल यांनी हिंस्र श्वापदांमध्ये (फ्रेंचमध्ये ‘फॉव्ह’) दोनातेल्लो हा जुना इटालियन शिल्पकार सापडला आहे, अशा अर्थाचे वाक्य लिहिले. गट म्हणून हे चित्रकार फार काळ एकत्र राहिले नाहीत. १९०८ पर्यंत देरँ आणि त्यांच्यातलेच जॉर्ज ब्राक हे पॉल सेझान या चित्रकाराच्या वाटेने घन आकारांच्या रचनेकडे वळले होते, आणि त्याच वर्षी ब्राक यांची लेस्ताक गावाची चित्रे पॅरिसमध्ये प्रदर्शित झाली.

म्हणून काटेकोरपणे पाहिल्यास ‘लाल खोली’ ही फॉव्हिझमच्या शेवटाची, किंबहुना शेवटानंतरची, कृती आहे. १९०५ च्या उन्हाळ्यात कोलिऊर या किनाऱ्यावरच्या गावी मातीस आणि देरँ यांनी केलेली चित्रे शेजारी ठेवली, तर फरक स्पष्ट होतो. तेथे रंगांचे तुटक फटकारे आहेत, मध्ये कोरा कॅनव्हास दिसतो, आणि सगळी घाई उन्हाला पकडण्याची आहे. येथे रंग शांत, सपाट आणि सलग आहे. फॉव्ह काळातील निखळ स्थिरचित्र पाहायचे असेल, तर ग्रनोब्लच्या संग्रहालयातील ‘लाल गालिचे’ हे १९०६ चे चित्र पाहावे. अल्जीरियाच्या प्रवासानंतरच्या त्या चित्रात गालिचे आणि फळे एकमेकांशी अक्षरशः झुंजत आहेत.

स्त्री असल्यामुळे ते स्थिरचित्र ठरत नाही, हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. तिच्या चेहऱ्यावर कोणताही भाव रंगवलेला नाही, ती पाहणाऱ्याकडे बघत नाही, आणि चित्रातील तिचे वजन त्या दोन सुरयांपेक्षा फारसे वेगळे नाही.

रंगपेटी

उत्तररंग यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी अंशतः असहमत आहे. त्याकडे पुढे येईन. आधी मुख्य प्रश्न घेऊ.

टेबल टेबलासारखे का वाटते? कुंचला ताई, आपण मुलांना खोली दाखवण्याची जी साधने शिकवता, त्यांपैकी मातीस यांनी प्रकाश, छाया आणि रंगाची दूर जाताना होणारी फिकट छटा ही तीन सोडून दिली आहेत. पण वस्तूंचे परस्परांशी असलेले स्थान हे साधन त्यांनी सोडलेले नाही, आणि सगळा भार त्याच्यावरच टाकला आहे. डावीकडची खुर्ची पाहा. तिची बैठक तिरकी आहे आणि ती आपल्याला ताबडतोब सांगते की येथे जमीन आहे, येथे बसायला जागा आहे, आणि म्हणून तिच्या पलीकडचा लाल पट्टा हा टेबलाचा पृष्ठभाग आहे. सुरया सरळ उभ्या आहेत, त्यामुळे त्यांच्या तळाशी आडवी पातळी असलीच पाहिजे. फळे एकमेकांपासून सुटी आहेत, एका ओळीत नाहीत. ती वेगवेगळ्या अंतरावर पडलेली असल्यामुळे त्यांच्यामधला लाल भाग आपोआप सपाट पसरतो. उजवीकडची स्त्री ज्या उंचीवर तबकाला हात लावते, त्या उंचीवर टेबल आहे हे सांगायला वेगळ्या छायेची गरज उरत नाही. आणि ती बारीक रेषा, जी आपल्याला अपुरी वाटली, ती या सगळ्या खुणांनंतर पुरेशी होते.

आता नक्षीकडे वळू. भिंतीवरची निळी वेलबुट्टी आणि कापडावरची वेलबुट्टी एकाच मापाची आहे. नियमाप्रमाणे दूरची नक्षी लहान व्हायला हवी होती. ती लहान होत नाही, म्हणून भिंत मागे सरकत नाही. ती पुढे येते आणि टेबलाच्या पातळीला भिडते. म्हणजे वस्तू सांगतात की येथे खोली आहे, आणि नक्षी सांगते की येथे एकच सपाट पृष्ठभाग आहे. पाहणाऱ्याची नजर या दोन विधानांमध्ये येजा करीत राहते आणि दोन्ही एकाच वेळी खरी वाटतात. माझ्या मते या चित्राचे खरे सामर्थ्य येथे आहे, भडकपणात नाही.

एक प्रयोग अवश्य करावा. चित्राची बऱ्यापैकी मोठी प्रतिकृती घ्यावी आणि वरच्या डाव्या बाजूची खिडकी कागदाच्या तुकड्याने झाकावी. लाल रंग तत्काळ जड आणि कोंदट होतो. कागद उचलला की तोच लाल पुन्हा उजळतो. लाल आणि हिरवा हे परस्परपूरक रंग असल्यामुळे शेजारी आले की एकमेकांची तीव्रता वाढवतात. परंतु येथे हिरव्याचे क्षेत्र मुद्दाम लहान ठेवून ते एका टोकाला नेले आहे, त्यामुळे त्याने लालाशी स्पर्धा न करता त्याला श्वास घ्यायला जागा दिली आहे. शिवाय ती खिडकी आहे की भिंतीवर टांगलेले एखादे निसर्गचित्र आहे, हे निश्चित सांगता येत नाही. बहरलेल्या पांढऱ्या झाडांचे गोलाकार आणि त्यांच्या फांद्यांची वळणे भिंतीवरच्या वेलींशी इतकी जुळतात की बाहेरची बाग आणि आतली नक्षी यांच्यातली सीमा पुसट होते.

आणि आता त्या स्त्रीविषयी. तिचा चेहरा भावहीन आहे हे खरे. पण मातीस यांनी त्याच निबंधात लिहिले आहे की त्यांच्या दृष्टीने अभिव्यक्ती ही चेहऱ्यावर उसळणाऱ्या भावनेत नसते. आकृतीने व्यापलेली जागा, तिच्याभोवतीची मोकळी जागा आणि प्रमाणे या सर्वांत मिळून ती असते. तिची मान ज्या वळणाने खाली झुकली आहे, ते वळण निळ्या वेलीच्या वळणाला उत्तर देते. तिला काढून टाकले, तर उजवी बाजू रिकामी पडेल आणि टेबलावर कोणी काही मांडले आहे ही जाणीवच नाहीशी होईल. सुरईचे स्थान बदलता आले असते. तिचे बदलता आले नसते. म्हणून तिचे वजन सुरयांएवढेच आहे, हे मला पटत नाही.

कुंचला

आपणा सर्वांचे मनापासून आभार. खिडकी झाकण्याचा प्रयोग मी लगेच करून पाहिला, आणि लाल रंगात पडणारा फरक माझ्या अपेक्षेपेक्षा फारच मोठा निघाला. हा प्रयोग वर्गात नक्की करवून घेईन.

अजून एक गोष्ट विचारते. ‘जुनी चौकट’ यांनी सजावटी फलक असा उल्लेख केला आहे. आपल्याकडे एखाद्या चित्राला सजावटी म्हटले की त्यात त्याला कमी लेखण्याचा सूर असतो. मातीस यांना त्या शब्दाचा संकोच वाटला नाही, यामागे त्यांच्या घडणीत काही कारण होते का?

धागादोरा

या प्रश्नावर लिहायला मला फार आवडेल, कारण मी वस्त्ररचनेच्या क्षेत्रात काम करते आणि मातीस आम्हा लोकांना आमच्यापैकी वाटतात.

मातीस यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील ल कातो-कांब्रेझी येथे झाला आणि बालपण जवळच्याच बोएँ या गावी गेले. हा सगळा विणकरांचा प्रदेश. त्यांच्या घराण्यात पूर्वीच्या पिढ्यांत विणकर होते. वडील धान्य-बियाणांचा व्यापार करीत, पण गाव रेशमी कापडाच्या मागांवर जगत होते, आणि पॅरिसच्या बड्या पेढ्यांसाठी तेथे अत्यंत उंची कापड विणले जाई. मातीस कायदा शिकले, वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागले. १८९० मध्ये आंत्रपुच्छाच्या आजारातून उठताना आईने त्यांच्या हाती रंगांची पेटी दिली आणि ते चित्रकलेकडे वळले. पुढे पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह मोरो यांच्या हाताखाली शिकतानाही ते पदरी पैसा तुटपुंजा असताना कापडांचे तुकडे, गालिचे, पडदे जमवीत राहिले आणि हा संग्रह त्यांनी आयुष्यभर वाढवला.

‘लाल खोली’तील नक्षी कल्पनेतून आलेली नाही. फुलांच्या परड्या आणि वेली छापलेले निळ्या नक्षीचे एक कापड मातीस यांच्या संग्रही होते. तेच कापड लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ग्रेटा मोल यांच्या १९०८ च्या व्यक्तिचित्रात मागे दिसते, आणि १९०९ च्या ‘निळ्या टेबलक्लॉथचे स्थिरचित्र’ या हर्मिटेजमधील चित्रात तर ते जवळजवळ संपूर्ण कॅनव्हास व्यापते. या तीन चित्रांतील एकाच कापडाची तुलना करून पाहावी. प्रत्यक्ष कापडावरची परडी लहान आणि नाजूक आहे, तर ‘लाल खोली’त ती फुगून मोठी झाली आहे आणि वेलीची वळणे जाड, ठाम, एखाद्या झाडाच्या खोडासारखी झाली आहेत. कापडाची जमीन बदलून लाल झाली आहे आणि नक्षी टेबलावरून भिंतीवर चढली आहे. विणकरांच्या गावात वाढलेल्या माणसाला नक्षी ही वस्तूवर चढवलेली शोभा वाटत नाही. ताणा आणि बाणा मिळून कापड बनते तेव्हा नक्षी त्या कापडाच्या अंगातच असते. म्हणून सजावटी हा शब्द त्यांना कमीपणाचा वाटण्याचे कारणच नव्हते.

रंगांच्या परस्परसंबंधाविषयी ‘रंगपेटी’ यांनी जे लिहिले, त्याचे मूळही कापडातच आहे. मिशेल-युजेन शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट्ट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार आल्यावर त्यांनी तपास केला, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगांच्या परिणामात आहे असे त्यांच्या लक्षात आले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला आणि पुढे ठिपक्यांनी रंगवणाऱ्या चित्रकारांनी त्याचा आधार घेतला. मातीस १९०४ च्या उन्हाळ्यात सँ-त्रोपे येथे त्यांच्यापैकी पॉल सिन्याक यांच्या सहवासात होते आणि ती पद्धत त्यांनी स्वतः वापरून पाहिली होती. ठिपके त्यांनी लवकरच सोडले, पण शेजारचा रंग रंगाला घडवतो ही जाण सोडली नाही.

जुनी चौकट

धागादोरा यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो, कारण वर्गात शिकवताना ती उपयोगी पडेल.

टेबलाशी वाकलेली स्त्री हा विषय मातीस यांनी १९०८ मध्ये प्रथमच घेतलेला नाही. १८९३ मध्ये त्यांनी लूव्हरमध्ये बसून यान डाव्हिड्झ दे हेम या डच चित्रकाराच्या १६४० सालच्या भरगच्च स्थिरचित्राची नक्कल केली होती. १८९७ मध्ये त्यांनी ‘जेवणाचे टेबल’ हे चित्र रंगवले. त्यातही टेबलाशी काम करणारी मोलकरीण आहे, सुरया आहेत, फळे आहेत. पण तेथे पांढऱ्या कापडावर प्रकाश पडतो, काचेतून तो आरपार जातो, पडछाया पडतात आणि टेबल खोलीत दूरवर जाते. अकरा वर्षांनी तोच विषय घेताना त्यांनी टेबल, स्त्री, फळे आणि सुरया ठेवल्या आणि प्रकाश काढून टाकला. १९१५ मध्ये ते पुन्हा दे हेम यांच्या त्याच चित्राकडे परतले आणि त्या वेळी त्यांनी ते घनवादाच्या कोनाकोनांच्या रचनेतून मांडले. ते चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

मुलांना ‘लाल खोली’ थेट दाखवण्याऐवजी आधी १८९७ चे चित्र दाखवावे आणि त्यातील छाया कोठे आहेत ते त्यांना शोधू द्यावे, असे मला वाटते. ज्याने हे सगळे नियम इतक्या निगुतीने पाळले होते, त्यानेच ते सोडले हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे.

रंगपेटी

जुनी चौकट यांची सूचना उत्तम आहे. फक्त प्रतिकृती निवडताना काळजी घ्यावी. या चित्रातील लाल रंग काही पुस्तकांत केशरीकडे झुकलेला छापला आहे, तर काहींत गर्द किरमिजी दिसतो, आणि दोन्ही ठिकाणी खिडकीतील हिरव्याशी असलेले त्याचे नाते बिघडते. शक्य झाल्यास हर्मिटेजच्या संकेतस्थळावरील छायाचित्र घ्यावे आणि ते छापण्याऐवजी वर्गातील पडद्यावर मोठे करून दाखवावे. मुलांनी त्यावरून अभ्यासचित्र करायचे असल्यास लाल रंग सर्वांत शेवटी लावू द्यावा. आधी फळांचा पिवळा, नक्षीचा निळा आणि खिडकीतील हिरवा यांच्या जागा ठरवून घ्याव्यात, म्हणजे लाल किती तापवायचा हे त्यांना त्या तीन रंगांकडे पाहून ठरवता येईल.